मुंबईतला रमजान, माहीमचा मेळा आणि बाकीचे मोसम : बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे गावाकडचे फोन सुरू होतात. कधी परभणीचे मामू, कधी मिरजेची खाला, कधी रत्नागिरीकडचं कुणी ओळखीचं. विचारणं बहुतेक एकच, "मुंबईला येतोय, मुलांना मोहम्मद अली रोडची ती रात्रीची गंमत दाखवायचीय. मोबाईलवर बघितलीय त्यांनी."

दोन वर्षांपूर्वी मामू न विचारताच आले. पाच माणसं, रेल्वेचं तिकीट, लॉजचं भाडं, वर्षभर बाजूला टाकलेले पैसे. रात्री दहाला मिनारा मशिदीच्या गल्लीत पोहोचले, तर तिथे नेहमीची हॉटेलं, नेहमीचे मिठाईवाले आणि हातगाड्यांची रोजची कटकट. ना रोषणाई, ना तव्यावरच्या मालपुव्यांची रांग, ना ती गर्दी. मुलं हिरमुसली. मामू म्हणाले, "अरे, इथं तर काहीच नाही!" काही नव्हतं कारण तो महिना रमजानचा नव्हता. व्हिडिओत तारीख लिहिलेली नसते.

म्हणून हे टिपण. मुंबईत मुसलमानांचे जे सण, मेळे आणि खाण्याचे मोसम बाहेरगावचे लोक बघायला येतात, ते कधी येतात, कुठे असतात, आणि तिथे गेल्यावर कसं वागावं, एवढंच इथे सांगतो.

आधी हिशोब कॅलेंडरचा

हिजरी वर्ष चंद्राचं. बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस. इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी कमी, म्हणून रमजान, ईद, मोहरम, मिलाद हे सगळे दरवर्षी तितके दिवस अलीकडे सरकतात. साधारण ३३ वर्षांत एक पूर्ण फेरी होते. आपलं मराठी पंचांगही चंद्राचंच आहे, पण त्यात साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून गणित पुन्हा ऋतूशी जुळवलं जातं. म्हणून दिवाळी कधी पावसाळ्याच्या मध्यावर येत नाही. हिजरीत अधिक महिना नाही. रमजान त्यामुळे उन्हाळ्यातही येतो, पावसातही येतो आणि थंडीतही. वर्गात आम्ही हे फळ्यावर काढून दाखवतो तेव्हा मुलांना पहिल्यांदा कळतं की दोन शेजाऱ्यांचे सण कधी जवळ येतात आणि कधी लांब का जातात.

आता प्रत्यक्ष तारखा. २०१८ ला रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला होता, म्हणजे ऐन आंब्यात. २०२४ ला १२ मार्चला, २०२५ ला २ मार्चला. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस, आणि २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटी. मेच्या सुट्टीत येऊन रमजानची रात्र बघू, हा बेत आता बरीच वर्षं जमणार नाही. दिवाळीच्या सुट्टीतही नाही. पुढची काही वर्षं थंडीचीच आहेत. बेत त्याप्रमाणे करावा.

रमजानची रात्र

मोहम्मद अली रोड हा रस्ता खिलाफत चळवळीतल्या मौलाना मोहम्मद अली जौहर यांच्या नावाचा. क्रॉफर्ड मार्केटपासून उत्तरेला भेंडी बाजाराकडे जातो. त्याच्या डोक्यावरून जे. जे. उड्डाणपूल गेलाय, त्यामुळे टॅक्सीवाल्याने पुलावरून नेलं तर खालचं काहीच दिसत नाही आणि माणूस थेट जे. जे. रुग्णालयाशी उतरतो. टॅक्सीवाल्याला 'पुलाखालून' असं आधीच सांगावं. लोकलने यायचं तर मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनवर उतरावं, नाहीतर सीएसएमटीवरून पंधरा-वीस मिनिटं चालावं. मस्जिद स्टेशनच्या नावामागे मुसलमानांची मशीद नाही हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. जवळच मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंचं १७९६ चं प्रार्थनास्थळ आहे. ते लोक त्याला मशीदच म्हणत, आणि त्यावरून स्टेशनचं नाव पडलं असं मानलं जातं.

खाण्याची मुख्य जागा म्हणजे मिनारा मशिदीशेजारची इब्राहिम मोहम्मद मर्चंट रोडची गल्ली आणि तिच्या आजूबाजूच्या बोळांतला परिसर. रमजानमध्ये इथे दिवसभर शांतता असते. आमचा आग्रहाचा सल्ला असा की इफ्तारच्या वेळी इथे भटकायला येऊ नका. मार्चमध्ये मुंबईत इफ्तार पावणेसातच्या आसपास असतो. त्या वेळी दुकानदार, हमाल, गाडीवाले सगळे दिवसभराचे उपाशी असतात, अजान झाली की हातातलं काम टाकून खजुराकडे वळतात. त्याच क्षणी त्यांच्यासमोर मोबाईल धरून "भैया, एक प्लेट" म्हणणं बरं दिसत नाही. मात्र त्या वेळी तिथे असलातच आणि कुणी ताट पुढे सरकवलं, तर संकोच करू नका. मुसाफिराला इफ्तारला बसवणं हे सवाबाचं काम समजतात, त्यात तुमचा रोजा आहे का, तुमचा धर्म कोणता, हे कुणी विचारत नाही.

खरी वर्दळ तरावीहची नमाज संपल्यावर, म्हणजे रात्री दहानंतर सुरू होते आणि सहरीपर्यंत चालते. पहिल्या दहा दिवसांत गर्दी बरी असते. शेवटच्या दहात, त्यातही शनिवारी रात्री, पाय ठेवायला जागा नसते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर पहिल्या पंधरवड्यातला सोमवार ते बुधवार निवडावा. दुकानं तीच, पदार्थ तेच, आणि बसायला बाकडं मिळतं.

खायचं काय? मालपुवा इथला अंड्याचा, मोठ्या कढईत तळलेला, वर मलई किंवा रबडी. एकात तिघांचं भागतं, प्रत्येकी एक मागवून टाकून देऊ नका. फिरनी मातीच्या वाटीत. सुलेमान उस्मान मिठाईवाला हे १९३६ पासूनचं दुकान मालपुवा, फिरनी आणि अफलातूनसाठी ओळखलं जातं. भेंडी बाजारातलं नूर मोहम्मदी हॉटेल त्याहूनही जुनं, १९२३ चं, नल्ली निहारीसाठी लोक तिथे जातात. गल्लीत सीख कबाब, बैदा रोटी, खिरी, भुना गुर्दा, बटेर असं सगळं तव्यावर आणि निखाऱ्यावर चालू असतं. खिरी म्हणजे खीर नव्हे. दुभत्या जनावराच्या कासेचं मांस असतं ते, न विचारता मागवून नंतर तोंड वाकडं करणारे पाहुणे आम्ही बघितलेत.

मराठी माणसाने, आणि कोकणातल्याने तर नक्कीच, तिथे सांदण शोधावं. आपल्याकडे घरोघरी होतं तेच तांदळाचं वाफवलेलं सांदण, इथे मात्र वर मलईचा जाड थर घालून विकतात. बिर्याणी-कबाबच्या गलबल्यात कोकणी मुसलमानांचा हा घरगुती पदार्थ कसा टिकून आहे याचं आम्हाला दरवर्षी कौतुक वाटतं. मोबाईलवरच्या व्हिडिओत मात्र तो क्वचित दिसतो, कारण त्यातून धूर निघत नाही.

पलीकडे बोहरी मोहल्ला. दाऊदी बोहरा समाजाचं कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं, ते चांद बघण्यावर अवलंबून नाही, म्हणून त्यांचा रमजान आणि ईद बहुधा एक-दोन दिवस आधी येते. खारा टँक रोडला १८८७ पासूनचं ताज आइस्क्रीम आहे, हाताने फिरवलेल्या संचातलं. भेंडी बाजाराचा मोठा भाग, सुमारे साडेसोळा एकर, पुनर्विकासात आहे. जुन्या इमारती पडून टॉवर उभे राहतायत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी आलेल्या माणसाने सांगितलेला पत्ता आज जुळेलच असं नाही. विचारत जावं. मोहल्ल्यातली मुलं हात धरून नेऊन सोडतात.

एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगायलाच हवी. रमजान आता दहावी-बारावीच्या परीक्षांच्या महिन्यात आलाय. ज्या गल्लीत तुम्ही रात्री दोनला फालुदा खाता, तिच्या वरच्या मजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत कुणीतरी मुलगी कानात कापूस घालून भूमितीची प्रमेयं पाठ करत असते. सकाळी सहरी करून, रोजा धरून तीच पेपरला जाते. हॉर्न वाजवणं, मोटारसायकलींचे आवाज काढणं, जिन्याच्या पायऱ्यांवर बसून खाणं आणि पत्रावळी तिथेच टाकून जाणं, हे सगळं त्या घरांना भोगावं लागतं. हा बाजार आहे तसाच मोहल्लाही आहे. फोटो काढायचा तर पदार्थाचा काढा, दुकानदाराला विचारून दुकानाचा काढा. नमाज पढणाऱ्यांचा आणि घरातल्या बायकांचा काढू नका. खिडकीतून डोकावणाऱ्या म्हाताऱ्या दादीजानवर मोबाईल रोखून 'जुन्या मुंबईची झलक' दाखवणारे हल्ली फार झालेत.

रमजानच्या आधी शाबान महिन्यात शब-ए-बारात येते. त्या रात्री मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फातेहा पढायला जातात. ती बघायची जत्रा नाही. तुमचं कुणी तिथे असेल तर जरूर जा.

माहीमचा मेळा

आता सुट्टीच्या हिशोबाला खरोखर जमणारी गोष्ट. बाहेरगावाहून कुटुंब घेऊन येणाऱ्याला आम्ही मोहम्मद अली रोडच्याही आधी माहीमचा मेळा सुचवतो, आणि त्याला कारणं आहेत.

मखदूम फकीह अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले आलिम आणि सूफी. जन्म १३७२ चा. कोकण किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या अरबी वंशाच्या नवायत घराण्यातले. त्यांनी अरबीत कुराणाची तफसीर लिहिली, 'तबसीरुर्रहमान' या नावाने ती ओळखली जाते, आणि हिंदुस्थानात लिहिल्या गेलेल्या सुरुवातीच्या तफसीरांत तिची गणना होते. कुत्ब-ए-कोकण ही त्यांची पदवी. वर ज्या जे. जे. उड्डाणपुलाची गोष्ट काढली, त्याचं अधिकृत नाव त्यांच्याच नावाने आहे, फक्त ते कुणी वापरत नाही.

त्यांच्या दर्ग्यावर दहा दिवसांचा मेळा भरतो. तो बहुतेक डिसेंबरात, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास सुरू होतो. मुसलमान वलीचा मेळा, पण महिना ऋतूला धरून. म्हणूनच तो रमजानसारखा वर्षभर फिरत नाही, फार तर दोन-तीन आठवडे मागेपुढे होतो, आणि नाताळच्या सुट्टीत सापडण्याची शक्यता चांगली असते. आमचा हिशोब बरोबर असेल तर २०३१ च्या डिसेंबरात रमजान आणि हा मेळा एकाच महिन्यात येतील.

मेळ्याची सुरुवात बघण्यासारखी असते. पहिला संदल मुंबई पोलिसांचा. माहीम पोलीस ठाण्यातून मिरवणूक निघते, वर्दीतले अधिकारी संदल-चादर घेऊन बँडच्या आवाजात दर्ग्यात येतात. पोलीस ठाणं ज्या जागेवर आहे तिथेच बाबांचं राहणं होतं अशी श्रद्धा आहे. पोलिसांना बाबांनी संकटात मदत केल्याच्या दोन-तीन गोष्टी सांगतात, प्रत्येक सांगणाऱ्याची वेगळी. आम्हाला त्या गोष्टींपेक्षा ती मिरवणूक महत्त्वाची वाटते. आपल्या मुलांच्या डोक्यात पोलीस आणि मुसलमान मोहल्ला यांची जी जोडी टीव्हीने बसवली आहे, तिच्या बाजूला हेही एक चित्र राहू दे. पुढचे दिवस शहरभरातून, वेगवेगळ्या वस्त्यांतून संदल येतात. रात्री उशिरापर्यंत ढोल-ताशे चालतात.

मुलांसाठी दर्ग्यामागे समुद्राच्या बाजूला आकाशपाळणे, ब्रेक डान्स, मौत का कुआं, खेळण्यांची आणि बांगड्यांची दुकानं असतात. खायला मुख्य म्हणजे हलवा-पराठा. पराठा परातीपेक्षा मोठा, तोडून वजनावर मिळतो, वर रव्याचा गरम हलवा. माहीमचा म्हणून जो पापुद्र्यासारखा हलवा मिठाईच्या दुकानात मिळतो तो वेगळा, तो घरी न्यायला घ्यावा. खरं सांगायचं तर या मेळ्यात मुसलमानांइतकेच इतरही लोक असतात. कोळीवाड्यातले, दादरचे, धारावीचे. कुणाच्या हातात चादर, कुणाच्या हातात नारळ.

माहीम स्टेशन पश्चिम आणि हार्बर दोन्ही मार्गांवर आहे, पश्चिमेला उतरून चालत जाता येतं. गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी गर्दीची लाट येते. लहान मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घालून ठेवावी. पाकीट पुढच्या खिशात.

मिलादचा जुलूस आणि गणपती

ईद-ए-मिलादचा मुंबईतला मोठा जुलूस भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून निघतो. २०२३ ला मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी बैठक घेऊन जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, म्हणजे विसर्जनाला आणि बंदोबस्ताला अडचण नको. २०२४ ला मिलाद १६ सप्टेंबरला आणि विसर्जन १७ ला होतं, तेव्हा जुलूस १८ ला निघाला आणि सरकारने मुंबईपुरती सुट्टीही १८ ला केली. २०२५ ला ५ सप्टेंबरची सुट्टी अशीच ८ ला गेली. सलग तीन वर्षं. यावर चॅनेलवाल्यांनी फारशी चर्चा घेतल्याचं आम्हाला आठवत नाही. भांडण झालं असतं तर नक्की घेतली असती.

पाहुण्यांच्या दृष्टीने याचा अर्थ एवढा की कॅलेंडरवर छापलेली मिलादची तारीख बघून जुलुसासाठी यायचं नाही, आधी विचारायचं. २०२६ पासून हिजरी तारखा ऑगस्टकडे सरकत असल्याने गणपती आणि मिलाद पुन्हा लांब जातील, ते परत जवळ येतील बत्तीस-तेहतीस वर्षांनी. लालबागच्या राजाची मिरवणूक मात्र दरवर्षी भायखळा, नागपाडा, दोन टाकी अशा आमच्या वस्त्यांतून जाते. रस्त्यावरचे लोक पाणी-सरबत घेऊन उभे असतात, फुलं टाकतात. गणपतीत मुंबईला येणाऱ्याने गिरगाव चौपाटीवरच गर्दी करण्यापेक्षा भायखळ्यात उभं राहून बघावं.

सप्टेंबरातच वांद्र्याच्या मोत माऊलीची जत्रा असते, ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. मेणाचे हात, पाय, घरं, बाळं असे नवसाचे आकार तिथे विकतात. मुसलमान बायकाही मेणबत्ती लावायला जातात, आमच्या नात्यातल्याही जातात. जायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, आम्ही फक्त जत्रा कधी ते सांगतोय.

मोहरम ही करमणूक नाही

हे वेगळं सांगावं लागतं, कारण 'मोहरम बघायला येतो' असं लोक सहज म्हणतात. डोंगरीच्या इमामवाडा रोडवर १८६० ची इराणी मशीद आहे, लोक तिला मुघल मशीद म्हणतात. निळ्या फरशांची, बिनघुमटाची, आत हौद. तिच्या आसपास आणि कैसर बागेत मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत मजलिस चालतात, आशुराच्या दिवशी मातमी जुलूस निघतो. करबलाच्या शहीदांचा तो शोक आहे. काळे किंवा साधे कपडे घालून, मागे उभं राहून, कॅमेरा बंद ठेवून कुणीही आदबीने उभं राहिलं तर हरकत घेत नाहीत. रस्त्यावरच्या सबिलीवर थंड सरबत किंवा दूध मिळेल, ते प्यावं. सुन्नी घरांत त्या दिवशी खिचडा होतो, कुणी वाटीभर देऊ केला तर नाही म्हणू नये.

बकरी ईदला पाहुण्यांनी मुंबईत बघण्यासारखं फारसं नसतं. देवनारचा बकऱ्यांचा बाजार मोठा आहे, पण पावसाचे दिवस असले तर चिखलही तितकाच.

हाजी अली : इथेही चांद बघायचा

वरळीच्या समुद्रातला पीर हाजी अली शाह बुखारींचा दर्गा बारा महिने असतो, मग मोसमाच्या टिपणात तो कशाला? कारण तिथे पोहोचणं भरतीवर असतं, आणि भरती चांदावर. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीत पाण्याखाली जाते. कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग सांगावं लागत नाही, पण मराठवाड्यातून आलेल्याला सांगावं लागतं. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती असते आणि मुंबईत ती दुपारी व मध्यरात्री बारा-साडेबाराच्या सुमारास येते. पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी ऐन दुपारी गेलात तर वाट बुडालेली असण्याचीच शक्यता जास्त, सकाळी सात-आठला गेलात तर बहुतेक मोकळी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. पावसाळ्यात लाटांचं काही खरं नसतं. दर्ग्यातले लोक 'थांबा' म्हणाले की थांबावं, आत असाल तर आतच बसावं, पाणी उतरायला दोन-तीन तास लागतात. दरवर्षी कुणीतरी घाई करतं.

बायकांना मजारपर्यंत जाऊ देतात का, हे अजूनही विचारलं जातं. जाऊ देतात. मधली काही वर्षं मनाई होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई घटनेच्या विरोधात ठरवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून बायका पुन्हा आत जाऊ लागल्या. रांग वेगळी असते इतकंच. गुरुवारी-शुक्रवारी गर्दी असते, शुक्रवारी कव्वालीही.

आणि दिवाळीच्या सुट्टीतच यायचं असेल तर

मामूंसारखं दुसरी वेळच मिळत नसेल, तरी हात हलवत परत जायची गरज नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद बघा. बांधकाम १७७५ ला सुरू होऊन १८०२ ला पुरं झालं. ती एका जुन्या तलावावर उभी आहे, आत पाणी आणि मासे आजही आहेत. मुलांना नमाजाच्या वेळा सोडून न्यावं. तिथून बादशाहचा फालुदा पावलांवर, १९०५ पासूनचा. चोर बाजारात मटण स्ट्रीटची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटेपासून तिथे जुमा बाजार भरतो. थंडी पडू लागली की भेंडी बाजाराच्या बोळांत बारा हंडीवाल्यांकडे पाया, पिचोटा, भेजा अशा हंड्या मंद आचेवर असतात आणि मागाल ती मिसळून देतात. रमजानच्या गर्दीत जे धड चाखता येत नाही, ते तेव्हा स्वस्थ बसून खाता येतं.

तिकिटाचं शेवटी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. रमजानसाठी येणाऱ्याने परतीचं तिकीट ईदच्या दिवशीचं काढू नये. चांद २९ रोज्यांनी दिसतो की ३० होतात हे त्या संध्याकाळीच कळतं. चांद दिसला की चांदरातीची खरेदी, बांगड्या, मेहंदी पहाटेपर्यंत चालते आणि लोकलच्या दारात उभं राहायला जागा नसते. ईदची अपेक्षित तारीख धरून त्यानंतर दोन दिवस सोडावेत आणि तिसऱ्या दिवसाचं तिकीट काढावं.